काकू, काळं सगळं काढलो बघा!

बाबांचा चंद्रपूरकडच्या वरोरा स्टेशनवरचा जुना फोटो साफ करून मोठा करायला इथं सोलापुरात नवी पेठेतल्या एका स्टुडिओत दिला होता. चार दिवसांचा वायदा, मिळाला अकराव्या दिवशी. ते सोडा. कागद उत्तम, फ्रेम भक्कम, आणि बुरशीचे डाग असे काढलेत की कुठे होते ते मलाही सांगता येईना. फ्रेमसकट ८०० रुपये, जास्त नाहीत.

पण पहिल्यांदा हातात आलं ते बघून मी मटकन स्टुलावर बसले. मुळात फोटो काळा-पांढरा. यात आकाश निळंशार, बाबांचा पांढरा युनिफॉर्म बिस्किटी, आणि मागच्या मालगाडीच्या इंजिनाचा धूर गायब! पोरगा खुशीत : "काकू, काळं सगळं काढलो बघा!"

अरे बाबा, ते काळं म्हणजेच वरोरा!

मग त्याला तिथंच सगळं ऐकवलं. ती लाइनच मुळी कोळशासाठी पडली. १८७० च्या दशकात सरकारनं वरोऱ्याला खाण काढली आणि कोळसा न्यायला वर्ध्यापासून रूळ टाकले. नावसुद्धा 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. माणसं आपली कोळशामागून गाडीत बसली. १९०६ साली खाण बंद झाली. स्टेशनही तिच्याबरोबर ओस पडायचं, पण रूळ पुढं बल्लारपूरकडे गेले, आणि १९२९ मध्ये काझीपेठची जोडणी झाल्यावर आमचं आडबाजूचं स्टेशन थेट दिल्ली-मद्रास रस्त्यावर आलं.

बाबा तिथं असिस्टंट स्टेशन मास्तर. माझ्या लहानपणी गावातली ती खाण म्हणजे म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरती उरलेली, तरी माजरीकडून कोळशानं भरलेल्या उघड्या वाघिणी दिवसरात्र जायच्या. आई क्वार्टरच्या अंगणात कुरडया घालायची ती बाबांना मालगाडीची वेळ विचारून. तरी एखादी गाडी उशिरा यायचीच, आणि मग वर्षभर आमच्या कुरडयांत कचकच. तिकडचा कोळसा ढिगात पडून राहिला की आपसूक धुमसतो. तो वास नाकातून जात नाही. इथं होटगीकडे एनटीपीसीच्या वीजकेंद्राच्या कोळशाची रेक दिसली की मी अजून डबे मोजते. आमचे हे म्हणतात, माहेरची माणसं आली वाटतं.

पोरानं मुकाट ऐकून घेतलं आणि एक पैसा जादा न घेता फोटो नव्यानं करून दिला. धूर परत आला, युनिफॉर्म पांढरा झाला. मात्र बोर्डावरचं नाव कॉम्प्युटरनं आपल्या मनानं 'वरोश' करून टाकलं होतं! ते मी पकडलं म्हणून बरं, नाहीतर भिंतीवर कुठलंतरी भलतंच स्टेशन लागलं असतं. आता अक्षरं बरोबर आहेत, पण लग्नपत्रिकेसारखी गुळगुळीत. मूळ बोर्डावर पेंटरनं काढलेला 'र' जरा पोटाळ होता, तो गेला तो गेलाच. त्याचा एक तारा कापते. पाचपैकी चार.

जाणार असाल तर रंग भरायचा की नाही ते पावतीवरच लिहून घ्या. आणि मूळ फोटो आठवणीनं मागून घ्या. माझा त्यांच्या ड्रॉवरमध्येच राहिला होता, भर उन्हात आणखी एक हेलपाटा पडला.