अ‍ॅक्सेसमधले इनपुट मास्क: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधल्या सभासद नोंदणीच्या फॉर्ममध्ये पॅन, पिनकोड, मोबाइल आणि आयएफएससी (बँक शाखेचा कोड) या चार रकान्यांना मास्क, म्हणजे कुठल्या जागी काय टाइप करता येईल हे ठरवणारा साचा, लावून आठ महिने झाले. पॅनसाठीचा मास्क सर्वांत समाधानकारक: आधी मोठ्या अक्षरांची > ही खूण, मग पाच एल (एल म्हणजे कोणतंही अक्षर), चार शून्य (शून्य म्हणजे कोणताही अंक), एक एल. कॅप्स लॉक बंद असला तरी अक्षरं मोठीच उमटतात आणि अंकाच्या जागी ओ टाइप होतच नाही. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी आहे की कंपनीसाठी सी, हे मात्र मास्कला कळत नाही. त्यासाठी व्हॅलिडेशन रूल, म्हणजे नोंद तपासणारी अट, हवाच.

खरी मेख आयएफएससीत आहे. त्याची लांबी ११, आणि पाचवी जागा कायम शून्याची. मास्कमध्ये नुसता शून्य म्हणजे ‘कोणताही अंक’, म्हणून त्याआधी उलटा स्लॅश द्यावा लागतो. पण मास्कच्या पहिल्या अर्धविरामानंतरच्या, म्हणजे दुसऱ्या भागात १ असेल किंवा तो रिकामा असेल, तर स्लॅशने बांधलेलं चिन्ह टेबलात साठवलंच जात नाही. फॉर्मवर ११ अक्षरं दिसतात, टेबलात १० जातात! इथे दुसरा भाग ० च ठेवा. पिनकोडमध्ये उलट करा: तीन अंकांनंतरची मोकळी जागा फक्त दिसण्यापुरती असते, तिथे १ ठेवा, म्हणजे टेबलात नेमके सहा अंक जातात. शोधताना आणि एक्सेलशी जुळवताना त्याचा फार उपयोग होतो.

रोजचा त्रास कर्सरचा. माउसने रकान्याच्या मध्यावर क्लिक केलं की टायपिंग तिथूनच सुरू होतं. ऑन क्लिक इव्हेंटमध्ये, रकाना रिकामा असेल तर सेलस्टार्ट (कर्सरची जागा ठरवणारा गुणधर्म) शून्य करा. अपुऱ्या नोंदीवर येणारा २२७९ क्रमांकाचा इंग्रजी संदेशही गोंधळात टाकतो. फॉर्मच्या ऑन एरर इव्हेंटमध्ये तो थांबवून स्वतःचा मराठी संदेश दाखवता येतो.

तारखेला मास्क लावू नका, कॅलेंडरचं बटण नाहीसं होतं. लँडलाइनलाही नको: मुंबईचा कोड ०२२, रत्नागिरीचा ०२३५२, एका साच्यात दोन्ही बसत नाहीत.

आणि एक्सेलमधून इम्पोर्ट केलेल्या नोंदींना मास्क लागत नाही. तिकडून आलेला पाच अंकी पिनकोड विनातक्रार आत जातो. त्यामुळे लांबीची अट टेबलाच्या व्हॅलिडेशन रूलमध्येही लिहा.