गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडची ‘सी’ची स्पायरल, ९० रुपयात घ्यावी का?

आमच्या पॉलिटेक्निकच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे ‘सी प्रॅक्टिस, इफ एल्स आणि लूप’ नावाची एक स्पायरल, म्हणजे तारेने बांधलेल्या नोट्स, मिळते. ११२ पानं, १०० प्रोग्राम, ९० रुपये. कोणी लिहिलीय काय माहीत, अक्षर एकाचंच आहे आणि मधेमधे ‘इम्प’ लिहून तीन तीन चांदण्या काढल्यात. मला पहिल्या वर्षी पीआयसीला, म्हणजे प्रोग्रामिंग इन सी ला, केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता, आणि दुसऱ्या वेळी याच स्पायरलवर विषय सुटला, म्हणून लिहितोय. पहिल्या वर्षाची पोरं सारखी विचारतात, घेऊ का नको.

आधी प्रिंटबद्दल, कारण सगळ्यात जास्त शिव्या मी त्यालाच घातल्यात. ही झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स आहे. सेमीकोलनवरचं टिंब उडालंय आणि खाली नुसता कॉमा उरलाय, त्यामुळे फॉरच्या, म्हणजे तेच काम परत परत करणाऱ्या लूपच्या, कंसात तिन्ही भाग कॉमाने जोडलेले दिसतात आणि जसंच्या तसं टाईप केलं की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत करणारं सॉफ्टवेअर, बोंब मारतो. काही पानांवर तुलनेच्या == मधलं एक = पुसट झालंय, आणि खरी मजा तिथेच आहे. सम विषम च्या प्रोग्राममध्ये मी % २ च्या पुढे एकच = टाकलं तर सरळ एरर आली, कारण भागाकाराच्या बाकीत कोण व्हॅल्यू भरणार. पण पुढच्याच पानावर साधं व्हेरिएबल होतं, तिथे तीच चूक केली आणि कंपायलर गप्प! प्रोग्राम मस्त चालला, उत्तर मात्र दरवेळी एकच. इफच्या कंसात एकच = टाकलं की तुलना होतच नाही, व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू जाऊन बसते, आणि ती शून्य नसली की सी च्या लेखी अट खरी. हे मला लेक्चरला तीनदा सांगितलं होतं म्हणे, डोक्यात शिरलं ते पुसट पानामुळे.

इफ एल्सच्या भागात लाइट बिलाचा प्रोग्राम एकदम भारी घेतलाय. आपल्या महावितरणच्या घरगुती बिलासारखे स्लॅब, १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत दुसरा, मग ५०० पर्यंत, मग त्याच्या वर. दर मनाने घातलेत पण ते चालतं. इथे सगळे एकच घोळ घालतात, मीपण घातला. ३५० युनिट आले की पूर्ण ३५० ला तिसऱ्या स्लॅबचा दर लावून मोकळे. खरं म्हणजे पहिल्या १०० ला पहिला दर, पुढच्या २०० ला दुसरा आणि उरलेल्या ५० लाच तिसरा. स्पायरलमध्ये दोन्ही प्रकारे सोडवून शेजारी शेजारी ठेवलंय आणि चुकीच्या उत्तरावर फुली मारून लिहिलंय ‘ग्राहक भांडायला येईल’. ज्याने लिहिलीय त्याला माझा नमस्कार!

पण लीप वर्षाच्या प्रोग्रामने माझा घात केला. त्यात फक्त ४ ने भाग जातो का एवढंच बघितलंय. ओरलला एक्स्टर्नल सरांनी शांतपणे सांगितलं, १९०० टाक. टाकलं, स्क्रीनवर आलं लीप वर्ष. सर नुसते हसले, आणि मला कळेना काय चुकलं. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जायला लागतो, म्हणून २००० लीप आणि १९०० नाही. तेव्हा ज्यांनी घेतलीय त्यांनी पान २३ वर पेनने दुरुस्ती करून ठेवा. आर्मस्ट्राँगचं पण तसंच, म्हणजे जितके अंक तितवा घात प्रत्येक अंकाचा करून बेरीज केली की तीच संख्या परत येते, ती संख्या. १५३ ला बरोबर येतं कारण १, १२५ आणि २७ ची बेरीज १५३, पण स्पायरलवाल्याने सरसकट घनच केलाय. १६३४ टाकून बघा, तिथे चौथा घात लागतो, म्हणजे आधी एक लूप लावून आकडे मोजायचे आणि मग दुसऱ्या लूपने बेरीज. हा बदल स्वतः करून बघा, व्हाईल लूपचा चांगला घाम निघतो.

आता ९० रुपये ज्याच्यासाठी द्यायचे ते. पान ४१ ते ७० वर कोऱ्या चौकटी आहेत ड्राय रनच्या, म्हणजे प्रोग्राम कागदावरच चालवून बघायच्या. वर एक छोटं लूप दिलेलं, खाली रिकामे कॉलम, आय ची किंमत, बेरजेची किंमत, अट खरी का खोटी, आणि प्रत्येक फेरी पेन्सिलने भरायची. उत्तर कुठेच नाही. सुरुवातीला मला वाटलं पैसे खाल्ले, अर्धी स्पायरल कोरी! पण केटीच्या अभ्यासाला मी फक्त हीच पानं केली, रोज रात्री चार, आणि आठवड्याभरात लूप डोळ्यासमोर फिरायला लागलं. आधी काय करायचो, प्रोग्राम पाठ करायचो, आणि पेपरात १ ते १० च्या जागी १० ते १ आलं की संपलं. एका चौकटीत मुद्दाम फॉरच्या कंसानंतर सेमीकोलन टाकलंय आणि खाली प्रिंटची ओळ. मी भाबडेपणाने १ ते १० भरत गेलो, नंतर चालवून बघितलं तर ११ एकदाच छापलं. लूप त्या सेमीकोलनवरच दहा वेळा फिरून आलं होतं, प्रिंट बिचारं बाहेर उभं.

पॅटर्नची पानं २० आहेत, जरा जास्तच झाली. माझं पिरॅमिडवर अडलं होतं, आई भाजी निवडत बाजूला बसलेली, तिने डोकावून म्हटलं, ‘अरे ही तर ठिपक्यांची रांगोळी, १ ते ५.’ रांगोळीच्या पुस्तकात लिहितात ना, १५ ते ८ ठिपके, तसं. ‘आधी कुठनं सुरू करायचं ते ठरव, किती जागा सोडायची ते बघ, मग ठिपके दे.’ झालं की, बाहेरचं लूप ओळीचं, आत एक मोकळ्या जागांचं आणि एक चांदण्यांचं. आईला सी येत नाही, पण माझं दोन दिवसाचं काम तिने मेथी निवडता निवडता केलं.

वाईट बाजू अजून आहे. सगळं टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या जमान्यातलं आहे, प्रत्येक प्रोग्रामात स्क्रीन पुसणारं सीएलआरएससीआर (clrscr) आणि बटण दाबेपर्यंत थांबवणारं गेटच (getch), मोबाईलवरच्या कंपायलरमध्ये ते चालत नाही, काढून टाका. आमच्या लॅबला अजून तीच निळी स्क्रीन, तिथे ८ चा फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ८ चा गुणाकार, काढला तर उणे २५२१६ आला, घरी मोबाईलवर बरोबर ४०३२०. मी अर्धा दिवस लूप तपासत बसलो, लूप बरोबरच होतं. टर्बोमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, ३२७६७ च्या वर जातच नाही. हे स्पायरलमध्ये एका ओळीत लिहायला काय जात होतं? आणि मेनूवाल्या डू व्हाईलमध्ये ‘परत करायचं का’ विचारून अक्षर वाचलंय, तो प्रोग्राम उत्तर द्यायच्या आधीच बंद पडतो, कारण आधीच्या आकड्यानंतर दाबलेलं एंटर तिथे वाचलं जातं. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये, अक्षरासाठीच्या %सी च्या आधी एक स्पेस टाका, सुटेल. स्विचची पानं बरी आहेत, ब्रेक विसरलं की खालच्या सगळ्या केस धडाधड चालतात हे दाखवलंय आणि स्वरांच्या प्रोग्रामात तीच गोष्ट मुद्दाम वापरलीय. शेवटची व्हायव्हाची पानं सोडून द्या, नुसत्या व्याख्या आहेत.

घ्यायची असेल तर काउंटरवरची गठ्ठ्यातली उचलू नका. ‘काका, मास्टर कॉपीवरून काढून द्या ना’ म्हणा, ते आधी ‘वेळ नाही’ म्हणतील, दुपारी दोननंतर गर्दी नसते तेव्हा जा. १० रुपये जास्त घेतात पण सेमीकोलनवर टिंब असतं. आणि पैसे कमी असतील तर फक्त ४१ ते ७० पानं मागा, ती सुटी पण देतात.