रिव्ह्यू: जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी आणि तिथं तीन महिन्यांसाठी येणारे शिकाऊ डॉक्टर

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबद्दल लिहितेय. जिल्ह्याचं नाव टाकत नाही कारण पेशंट आमच्या घरातली आहे आणि गाव एवढंसं, अर्ध्या माहितीवरून लोक घर ओळखतात. पण लिहायचं होतंच. असल्या ओपीडीबद्दल कुणी काही लिहीत नाही, लोक गुपचूप जातात गुपचूप येतात, आणि नवीन माणसाला कळतच नाही की तिथं काय मिळतं, काय मिळत नाही.

आधी मार्क सांगून टाकते. तीन महिन्यांच्या पोस्टिंगवर आलेल्या, एमडी शिकत असलेल्या डॉक्टर मॅडमना पाचपैकी पाच. त्या गेल्यावर जे झालं त्याबद्दल विभागाला दोन, त्याच्या वर हात जात नाही.

माझ्या धाकट्या जावेचं दुसरं बाळंतपण. ग्रामीण रुग्णालयात नॉर्मल डिलिव्हरी झाली, बाळ चांगलं, घरी आली आणि आठवड्याभरात तिची झोप उडाली. रात्र रात्र टक्क जागी, बाळाला कुणाला हात लावू देईना, मग म्हणायला लागली हे माझं बाळ नाहीच, दवाखान्यात बदललं. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं लागलंय, ओली बाळंतीण तिन्हीसांजेला विहिरीकडं गेली होती. लिंबू उतरवून झालं, अंगारा लावून झाला, पलीकडच्या गावचा देवरुशी आणायचं ठरत होतं. तेवढ्यात आमच्या आशाताई चौदाव्या दिवसाच्या भेटीला आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशांना ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यावं लागतं, बाळाचं वजन-ताप बघायला. त्यांनी वजनकाटा काढला तर हिनं तो हिसकावूनच घेतला. ताईंनी मला बाजूला घेतलं, विचारलं, झोपते का ही? खाते का? बाळाबद्दल काही भलतंसलतं बोलते का? मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या उद्याच्या उद्या जिल्ह्याला न्या, थांबू नका.

हे प्रश्न ताईंना कुणी शिकवले ते नंतर कळलं. तालुक्याला दर महिन्याला मानसोपचाराचं शिबिर असतं, तिथं याच मॅडमनी आशांची बैठक घेऊन सांगितलं होतं की बाळाबरोबर बाळंतिणीची झोपही विचारत जा. म्हणजे मॅडमनी जावेला बघायच्या आधीच त्यांचं काम आमच्या अंगणात येऊन पोचलं होतं. मला यातच सगळं आलं असं वाटतं, डॉक्टर कितीही हुशार असू दे, तो ओपीडीत बसून राहिला तर आमच्यासारख्यांना त्याचा काय उपयोग.

आता ओपीडीचं. काळीपिवळी करून गेलो, गर्दी होती, पण बाळ बघून नंबर आधी लावला. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो, गावाहून कशानं आलात? मला वाटलं आपलं बोलायचं म्हणून विचारतायत, पण त्या लिहून घेत होत्या. एसटी किती वाजता, परतीची कधी, घरात मोबाईल कुणाकडं असतो, गोळी कुणाच्या हातून देणार, रात्री हिच्याजवळ कोण झोपतं. मग सासूबाईंकडं वळल्या, "आजी, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय हिला?" सासूबाई आधी बिचकल्या, मग विहीर, तिन्हीसांज, लिंबू सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. म्हणाल्या, "आजी, देवाचं तुम्ही करा, मी अडवत नाही. फक्त हिला उपाशी ठेवायचं नाही, धुरी द्यायची नाही, बांधायचं नाही, कुणाला मारू द्यायचं नाही. आणि माझी गोळी चुकवायची नाही. बाळंतपणानंतर हजारात एखाद-दुसरीला असं होतं, हा आजार आहे, बरा होतो."

सासूबाई त्या दिवसापासून मॅडमच्या बाजूच्या झाल्या. गोळीची वेळ त्याच सांभाळायला लागल्या.

वॉर्डात दाखल केलं, बाळासकट. बाळाला तिच्यापाशी एकटं सोडायचं नाही, घरातली एक बाई कायम बसलेली पाहिजे, ही अट घातली आणि दिवसातून दोनदा येऊन बघायच्या की खरंच बसतोय का. दूध पाजायचं की नाही हा आमचा मोठा प्रश्न होता. त्यांनी बाळाच्या डॉक्टरांना बोलावून विचारलं, मग म्हणाल्या या गोळीवर पाजता येईल, पण बाळ जास्तच झोपाळू वाटलं, प्यायला कंटाळलं तर लगेच सांगा. एक गोळी तिथं सहज मिळत होती, बाजूच्या खाटेवरच्या बाईला तीच चालू होती, मी विचारलं आमच्या पेशंटला ती का नाही, तर म्हणाल्या ती व्हॅलप्रोएट आहे, जिला पुढं दिवस राहू शकतात अशा बाईला ती शक्यतो देत नाही, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. एवढं बसून समजावलेलं मी सरकारी सोडा, खाजगीतही पाहिलं नव्हतं. गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं चंद्र काढून दिला, रात्रीची म्हणून, कारण सासूबाईंना वाचता येत नाही.

या मॅडम तिथं आल्या कशा ते पण सांगते, कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आता शिक्षणाच्या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम म्हणतात, २०२० मध्ये नियम आला, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरला पाठवतात, आणि ते केल्याशिवाय फायनल परीक्षेला बसता येत नाही. बाकी विषयांसाठी ठीक असेल, पण मानसोपचारासाठी मला हे फार मोलाचं वाटतं. देशात लाख लोकांमागं एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, ०.७५ च्या आसपास आकडा सांगतात, आणि जे आहेत ते बहुतेक शहरात. महाराष्ट्रातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्या गावाहून येरवड्याला बाळंतीण आणि बाळ घेऊन जायचं म्हटलं असतं तर घरातून कुणी हललंच नसतं, देवरुशी तर पलीकडच्याच गावात होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून, म्हणजे योजना जुन्या आहेत, त्या चालवायला शिकलेली माणसं मात्र जिल्ह्यात टिकत नाहीत.

आणि इथं शिकायचं काय असतं ते मी वॉर्डात असताना डोळ्यांनी बघितलं. दसऱ्याच्या आधीचे दिवस. एक काका बायकोला घेऊन आले होते, तिला बऱ्याच वर्षांचा आजार, गोळ्यांवर ठीक होती, पण आता जोडी ऊसतोडीला जाणार होती, परत येणार थेट उन्हाळ्यात. मॅडम नेहमीसारखं पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहायला लागल्या तर तिथले सोशल वर्कर दादा मध्ये बोलले, मॅडम, पंधरा दिवसांनी ही कोल्हापूरकडं असेल, फडात. तिथं हिला कोण ओळखणार? मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्यांनाच विचारलं, मग तुम्ही काय करता? दादांनी सांगितलं, स्टॉक बघून दोन महिन्यांच्या देतो, कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, कुठल्या कारखान्याला लागलाय ते विचारून ठेवतो, गोळीचं नाव आणि डोस मोठ्या अक्षरात लिहून देतो म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवून पुढचं मिळेल, आणि मुकादमाचा, म्हणजे टोळी घेऊन जाणाऱ्याचा, नंबर घेतो. मॅडमनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशीपासून त्या प्रत्येक पेशंटला स्वतःहूनच विचारत होत्या, दसऱ्यानंतर गावात आहात का?

हे कुठल्या मोठ्या मेडिकल कॉलेजच्या लेक्चरला शिकवणार? तिथं पेशंट येतो तो आजार घेऊन येतो, त्याच्या मागं कारखाना, उचल म्हणजे मजुरीपोटी आधीच घेतलेले पैसे, मुकादम हे दिसतच नाही. उचल फेडायची आहे म्हणून हंगाम सोडून कुणी उपचाराला थांबत नाही, हे एकदा कळलं की डॉक्टर गोळीही वेगळी लिहितो, भेटही वेगळी ठरवतो. आणि शिकवणारा कोण, तर कंत्राटावरचा सोशल वर्कर. त्या दादांना पण माझ्याकडून पाचपैकी पाच. कॉलेजवाल्यांनी अशा माणसांना शिक्षक म्हणून मान द्यावा, मानधनही द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तक्रार.

जाऊ घरी आली, झोपायला लागली, बाळाला आपणहून घ्यायला लागली. मॅडमची पोस्टिंग संपली. पुढचे डॉक्टर येईपर्यंत मधे बरेच दिवस कुणीच नव्हतं. कायमचे मानसोपचार डॉक्टर एकच, त्यांच्याकडं दिव्यांग सर्टिफिकेटं, कोर्टाची कामं, तालुक्याची शिबिरं सगळंच, ओपीडीला असतीलच असं नाही. गोळ्या घ्यायला गेलो तर दुसऱ्याच विभागाच्या डॉक्टरांनी केसपेपर बघून तेच रिपीट केलं, त्यातली मुख्य गोळी काऊंटरवर नव्हती, बाहेरून घ्या म्हणाले. दिरांनी बाहेरून आणल्या, पण पैशाच्या मानानं थोड्याच. मग नवीन शिकाऊ डॉक्टर आले. त्यांच्यापाशी मॅडमनी लिहिलेलं काहीच नव्हतं, वॉर्डची फाईल रेकॉर्ड रूमला गेलेली आणि ती काढून आणायला कुणी तयार नाही. त्यांनी जावेला पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, तेही दार उघडं, बाहेरचे चार लोक आत डोकावतायत. तुम्हाला असं का वाटलं की बाळ बदललं? ती मान खाली घालून गप्प. जे विसरायला तिला एवढे दिवस लागले ते परत तिच्याच तोंडून काढायचं? घरी आल्यावर म्हणाली मी आता तिथं जाणार नाही. गोळ्या संपत आलेल्या, ही एक दिवसाआड घ्यायला लागली, आणि झोप पुन्हा गेली.

त्या वेळी रात्री दोनला मी टेलीमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, १४४१६. चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलतात, पैसे लागत नाहीत. फोनवरच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, बाळ तिच्यापासून बाजूला ठेवायला सांगितलं आणि सकाळी काहीही झालं तरी दवाखान्यात जा म्हणाल्या. गेलो. सोशल वर्कर दादांनी जुन्या मॅडमना स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावून दिला, त्यांनी नवीन डॉक्टरांना पाच मिनिटांत सगळं सांगितलं आणि गाडी रुळावर आली. नवीन सरही चांगलेच आहेत हो, मन लावून बघतात, आता तर तालुक्याच्या शिबिरालाही येतात. दोष त्यांचा नाही. पण एका माणसाच्या मोबाईलवर हे सगळं चाललंय.

हाडाचं ऑपरेशन झालं, टाके काढले, डॉक्टर बदलला तरी चालतं. मनाच्या आजारात गोळी लागू पडायलाच काही आठवडे जातात, माणूस मोकळा बोलायला लागायला त्याहून जास्त, आणि तेवढ्यात डॉक्टरांची बॅग भरलेली असते. म्हणून मला वाटतं या विषयाला सहा महिने हवेत. ते जमत नसेल तर जुना आणि नवा डॉक्टर निदान आठवडाभर एकत्र ओपीडीत बसले पाहिजेत, आणि एकाच कॉलेजनं एकाच जिल्ह्याला सतत माणूस पाठवावा, म्हणजे सिनियरला विचारायची सोय राहते.

यात अशक्य काही नाही. विदर्भात अमरावतीच्या भागात ३० गावांमध्ये विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावातल्याच लोकांना शिकवून, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि डॉक्टर उभे करून. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आमच्या आशाताईंनी एका बैठकीवर जावेला ओळखलं, त्यांच्या पाठीशी डॉक्टर सलग टिकला तर काय होईल.

जाऊ आता बरी आहे, गोळी चालू आहे, स्वतःची स्वतः घेते. पुढं कधी मूल होऊ द्यायचं ठरलं तर आधी येऊन भेटा असं सांगितलंय, कारण एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.

जाणाऱ्यांसाठी: १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर आणि तपासणीला पैसे नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. पेशंटबरोबर रात्री घरात असतो तो माणूस न्या, नुसता गाडी चालवणारा नको. आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा न्या. गोळी काऊंटरवर नसेल तर फार्मसीतच भांडत न बसता परत ओपीडीत जा, बदली गोळी लिहून देता येते का विचारा. आणि शिकाऊ डॉक्टर असतील तर पहिल्याच भेटीत विचारा, तुमची पोस्टिंग कधी संपतेय. ती तारीख केसपेपरवर लिहून ठेवा, संपायच्या आठवडाभर आधी जा आणि काय आजार होता, कुठली गोळी लागू पडली, कुठली का दिली नाही, हे एका कागदावर त्यांच्याकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या, त्याच्या दोन झेरॉक्स काढा.