गोव्यातल्या मराठी पुस्तकाचा प्रचार: व्हॉट्सॲप की इन्स्टाग्राम?

माझं मत आधीच सांगते: गोव्यातला मराठी वाचक गाठायचा तर व्हॉट्सॲप आधी.

हा वाचक डिचोली, पेडणे, साखळी, फोंडा असा विखुरलेला. निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते, नाटकवेडी माणसं. सकाळी चहासोबत ती व्हॉट्सॲप उघडतात. एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवता येणाऱ्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण निरोप पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून प्रकाशन समारंभातच नंबर सेव्ह करायला सांगा. आणि नुसतं मुखपृष्ठ टाकू नका. आतल्या एखाद्या पानाचा स्वच्छ फोटो, खाली किंमत, पणजी-म्हापशात पुस्तक कुठे मिळेल ते, आणि यूपीआयचा क्यूआर कोड. मग मागणी तिथल्या तिथे नोंदवता येते. रोज उठून ग्रुपवर तेच टाकलंत तर मात्र लोक म्यूट करणारच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

इन्स्टाग्रामवर अनोळखी वाचक भेटतो. लेखकाने स्वतःच्या आवाजात वाचलेला परिच्छेद रीलमधून पुण्या-मुंबईपर्यंत जाऊ शकतो. पण कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, ती बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत द्यावी लागते. तेवढ्या वळणावर खरेदीदार गळतो.

तरुणांसाठीची कादंबरी किंवा कविता असेल तर मी इन्स्टाग्रामला जास्त वेळ देईन. गावाचा इतिहास, लोककला, नाट्यपरंपरा यांवरचं पुस्तक असेल तर व्हॉट्सॲपच. तेही जत्रेच्या आठवडाभर आधी, कारण बाहेरगावी असलेले गोंयकार तेव्हा गावी येतात आणि पुस्तक हातोहात देता येतं.