छापण्यापूर्वीचा कायदा : संपादकांसाठीच्या चार रविवारांच्या वर्गाविषयी

गेल्या वर्षी आमच्या साप्ताहिकाला वकिलाची नोटीस आली, तेव्हा पुढच्याच अंकात मी मोठ्या तडफेने खुलासा छापला आणि ज्या वाक्यावर तक्रार होती ते मूळ वाक्य त्यात सबंध पुन्हा उद्धृत केले, म्हणजे एका बदनामीच्या जागी दोन करून ठेवल्या. प्रकरण मिटले, पण धडकी राहिली. म्हणून छोट्या नियतकालिकांच्या संपादकांसाठी पुण्यात भरणाऱ्या चार रविवारांच्या कायदेवर्गात, अठराशे रुपये भरून, नाव घातले. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि बदनामीच्या वर्गावर लिहिताना एवढी काळजी घेतलेली बरी.

वर्गाची खरी कमाई पहिल्या रविवारी झाली. शिकवणाऱ्या वकीलबाई रोज कोर्टात उभ्या राहणाऱ्या असल्यामुळे व्याख्या वाचून दाखवण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. त्यांनी प्रत्येकाच्या हाती ग्रामपंचायतीच्या कारभारावरची एक बनावट बातमी आणि तांबडी पेन्सिल दिली आणि धोक्याचे शब्द खुणावायला सांगितले. बहुतेकांनी ‘भ्रष्ट’ आणि ‘लुबाडले’ यांवर रेघा मारल्या. ‘अशी गावात चर्चा आहे’ हे शब्द कोणीच खुणावले नाहीत. दुसऱ्याचे बोलणे म्हणून छापलेला आरोपही छापणाऱ्याच्याच अंगावर येतो, आणि ‘कथित’ हा शब्द म्हणजे चिलखत नव्हे, हे त्यानंतर कोणाला निराळे सांगावे लागले नाही. त्याच ओघात त्यांनी भारतीय न्याय संहितेचे बदनामीविषयीचे कलम ३५६ समजावले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेतील कलम ४९९ आणि ५०० यांची जागा त्याने घेतली असून, दोन वर्षांपर्यंतची साधी कैद आणि दंड यांच्या जोडीला समाजसेवेची शिक्षाही त्यात आली आहे. फौजदारी प्रकरणात मजकूर खरा होता एवढे म्हणून भागत नाही, तो प्रसिद्ध होणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. दिवाणी दाव्यात मात्र सत्यता हा पुरेसा बचाव ठरतो. वीस वर्षे अंक काढूनही हा फरक मला ठाऊक नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. एम. एम. सुंद्रेश यांनी बदनामी गुन्ह्यांतून वगळण्याची वेळ आली असल्याचे मत सुनावणीत व्यक्त केले होते. त्याचा उल्लेख होताच वर्गात टाळ्या पडल्या. तोंडी मत म्हणजे निकाल नव्हे आणि बदनामीची जुनी कलमे घटनात्मक ठरवणारा २०१६ चा सुब्रमण्यम स्वामी प्रकरणातील निकाल अजून कायम आहे, असे सांगून बाईंनी त्या थांबवल्या.

दुसरा रविवार कार्यपद्धतीचा होता, आणि तो रुक्ष असूनही उपयोगाचा ठरला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार, खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची असते. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात, लेख काढून टाकण्याचा खालच्या न्यायालयाचा एकतर्फी आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि खटला चालण्यापूर्वी असे मनाई हुकूम अपवादानेच द्यावेत असे बजावले. तो निकाल कसा आणि केव्हा पुढे करायचा, हे त्यांनी मनाई अर्जावरचे म्हणणे फळ्यावर लिहून दाखवले.

तिसऱ्या रविवारी, खासगीपणाच्या विषयावर, वर्ग पार ढेपाळला. दुसरेच एक व्याख्याते आले आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाची नऊ न्यायमूर्तींची थोरवी सांगण्यात त्यांनी दोन तास घालवले. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा असला, तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच वेळी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधील बदलही लागू झाला, आणि वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळणे माहिती अधिकाऱ्याला पूर्वीपेक्षा फार सोपे झाले. आमच्यासारख्यांच्या निम्म्या बातम्या याच अर्जांवर उभ्या असतात. कलम ८(२) मधील लोकहिताचा आधार अजून शाबूत आहे, तो अर्जात कसा मांडावा, असे मी विचारले. उत्तर ‘तुमच्या वकिलांना विचारा’ असे मिळाले. पत्रकारितेसाठीची जी सूट आधीच्या मसुद्यांत होती, ती विदा संरक्षण कायद्यात उरलेली नाही, याचा तर उच्चारही झाला नाही. वाटलेल्या टिपणांत अजून ४९९ आणि ५०० हीच कलमे छापलेली आहेत, ही गोष्ट पैसे घेणाऱ्यांना शोभणारी नाही.

चौथ्या रविवारी प्रत्येकाकडून माफीनामा लिहून घेतला. माझा तीनदा परत आला, कारण प्रत्येक वेळी मूळ आरोप कोणत्या ना कोणत्या रूपाने त्यात डोकावत होता. चौथ्या वेळी तो चार ओळींत बसला आणि बाईंनी त्यावर तारीख घातली.

पुढच्या तुकडीला आमच्या उपसंपादकाला पाठवतो आहे. तिसऱ्या रविवारी त्याने घरी राहिले तरी चालेल, असे त्याला सांगून ठेवले आहे.