परत आलेली की अंगात आलेली?

कोरियन वेबटूनमधल्या, म्हणजे मोबाइलवर भागाभागानं वाचायच्या चित्रकथांमधल्या, राजवाड्यांचा नाद लागला की चार-सहा मालिकांनंतर प्रश्न पडतोच. मरून स्वतःच्याच आयुष्यात मागं परतलेली नायिका धरावी, की कुठल्याशा खलनायिकेच्या देहात जागी झालेली परकी मुलगी? कोरियन वाचक पहिल्या तऱ्हेला 'होएग्वी' म्हणतात, म्हणजे परतणं. दुसरी 'बिंगुई', आणि या शब्दाचा मूळ अर्थ आपल्याकडच्यासारखाच: अंगात येणं. मी परभणीच्या मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहितो. सौदे आटोपले की दुपारी दोन्ही वाचतो, गेली तीन वर्षं.

माझी भाची दुसऱ्या तऱ्हेची. "मामा, तुमची ती राणी नुसती रडती. माझी बघा, पहिल्याच भागात कामाला लागती." तिचं खरं आहे. 'व्हिलन्स आर डेस्टिन्ड टू डाय'मध्ये गेम खेळणारी एक मुलगी त्याच गेममधल्या ड्यूकच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, दत्तक लेकीच्या, पेनेलोपीच्या, देहात उठते. बोलायच्या वेळी समोर उत्तराचे पर्याय दिसतात, पुरुषांच्या डोक्यावर त्यांच्या मर्जीचा टक्का, आणि चुकलं की मरण. एकदा हातात घेतलं की ठेववत नाही. वेग, चलाखी, डोळ्यांत भरणारी चित्रं यांत ही बाजू माझ्या मते सरसच.

परतलेल्या नायिकेच्या 'द अबॅन्डन्ड एम्प्रेस'ला सवड लागते. लहानपणापासून युवराजासाठी घडवलेली आरिस्टिया. ऐन वेळी दुसऱ्या जगातून एक मुलगी येते, सम्राज्ञी होते, हिला खालची जागा मिळते आणि शेवटी हिचा वध होतो. डोळे उघडते तर वय १० वर्षं. पुन्हा त्याच वाटेनं जायचं नाही म्हणून ती घराण्याची वारस व्हायचं ठरवते, तलवार हातात घेते. मात्र जुन्या आठवणी वरचेवर येतात. पैसे मोजून उघडलेला अर्धा भाग त्यातच गेला की माझ्याही जिवावर येतं.

तरी मी याच बाजूला का झुकलो, ते सांगतो.

नवरात्रात आरतीच्या वेळी बाईच्या अंगात वारं येतं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. श्रद्धा असो-नसो, पुढचं दृश्य ठरलेलं. वारं उतरतं, बाई खाली बसते, कुणीतरी पाणी देतं, पदर सारखा करतं आणि तिला तिच्या नावानं हाक मारतं. ती भानावर आली का, हे बघितल्याशिवाय मंडळी उठत नाहीत. अंगात आलेल्या नायिकांच्या ज्या मालिका मी वाचल्या, त्यांतल्या बऱ्याच मालिकांत ही हाक मला सापडली नाही. सावत्र भावांची बोलणी खाल्लेली, मोलकरणींनी छळलेली मूळची मुलगी पहिल्या दोन पानांत नाहीशी होते. तिच्या देहात आलेली दुसरी तिचेच दागिने घालते, तिच्याच बापाचं मन जिंकते, आणि आपण टाळ्या वाजवतो. मला ते टोचतं. एकदा टोचायला लागलं की पुढचं प्रत्येक प्रेमदृश्य बघताना वाटतं, हे त्या पोरीला मिळायला हवं होतं. ज्यांना हा विचार छळत नाही, त्यांनी खुशाल भाचीचं ऐकावं. त्यांच्या आनंदात मला खोट काढायची नाही.

आरिस्टियाच्या बाबतीत येणं आणि वसुली एकाच खात्यावर आहे. अपमान तिचा, भीती तिची, मिळालेली दुसरी संधीही तिचीच. आधी अबोल वाटलेला बाप या खेपेला तिला हळूहळू उमगू लागतो. ते मी पुन्हा पुन्हा उघडून वाचलं. तो जिव्हाळा परक्या मुलीच्या वाट्याला आला असता तर मी इतका गुंतलो असतो, असं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात भाचीला विचारलं, "मग खरी पेनेलोपी कुठं गेली गं?" ती जरा वेळ स्क्रीनकडंच बघत राहिली. म्हणाली, "थांबा मामा, मला शेवटपर्यंत वाचू द्या."

ती वाचून होईपर्यंत तरी माझा सल्ला हाच: आरिस्टियापासून सुरुवात करा. फक्त रोज एकेक भाग उघडू नका. दहा-बारा साठू द्या आणि सुट्टीच्या दिवशी सलग वाचा, म्हणजे आठवणींचं ओझं होत नाही.