दिवाळीत कुत्र्यासाठी भरलेली टोपली: जुलैपर्यंत काय टिकलं

कुत्रा देशी, वजन 12 किलो, चावण्यात पटाईत. सामान थोडं क्रॉफर्ड मार्केटमधून, थोडं ऑनलाइन. तयार हॅम्पर मुद्दाम टाळला, कारण त्यात निम्मी जागा कागदाची कातरणं आणि सॅटिनची रिबीन खातात. ही रिबीन किंवा दोरा कुत्र्याने गिळला तर एक टोक अडकतं, उरलेल्या दोऱ्यावर आतडं चुण्यांसारखं गोळा होतं आणि गोष्ट ऑपरेशनपर्यंत जाते.

पैसे खरे वसूल झाले लिक मॅटमध्ये, म्हणजे खाचांत खाऊ भरून कुत्र्याला चाटायला द्यायच्या छोट्या चटईत. पाणी काढलेलं दही 2 मोठे चमचे, तेवढाच उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मीठ-साखर काही नाही. खाचांत दाबून बसवायचं आणि 3-4 तास फ्रीजरमध्ये ठेवायचं. लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू व्हायच्या आधीच मॅट पुढे करावी; एकदा घाबरला की कुत्रा तोंड लावत नाही. मागचे सक्शन कप खरखरीत टाइल्सवर सुटतात, बाथरूमच्या गुळगुळीत टाइल्सवर पक्के बसतात. चाटून झालं की लगेच उचला, नाहीतर कोपरा दाढेखाली गेलाच म्हणून समजा. पीनट बटर लावायचं असेल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते आधी बघा. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते.

छुर्पीबद्दल, म्हणजे चावायला देतात त्या हिमालयातल्या कडक सुक्या चीजच्या कांडीबद्दल, मत संमिश्र. अंगठ्याचं नख दाबून खूण उमटत नसेल तर ती वस्तू दाढ फोडू शकते, आणि छुर्पीवर खूण उमटत नाही. म्हणून कांडी तशीच न देता तुकडा 10 मिनिटं पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये 30 ते 60 सेकंद फुलवायचा. पापडासारखा हलका होतो. पूर्ण गार झाल्यावरच द्या, आतून बराच वेळ गरम राहतो. या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 700 कॅलरी लागतात, त्यातल्या 70 च्या वर खाऊत जाऊ नयेत. तेवढं जेवण कमी करा.

सुक्या चिकनच्या पट्ट्यांचं मोठं पाकीट मुंबईत घेऊच नये. उघडल्यावर दमट हवेत पट्ट्या आधी लवचिक होतात, मग कडेला पांढुरकी बुरशी धरते. 70-100 ग्रॅमची पाकिटं आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा. फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका, आत पाणी सुटतं.

स्नफल मॅट, म्हणजे कापडी पट्ट्यांत खाऊ लपवून कुत्र्याला हुंगून शोधायला लावणारी चटई, हिवाळ्यात उत्तम, पावसाळ्यात डोकेदुखी. फ्लीसच्या पट्ट्या वरून कोरड्या लागतात, पण मुळाशी ओल राहते आणि कुबट वास येतो. जून ते सप्टेंबर ती कपाटात. त्याऐवजी जुन्या टॉवेलची गुंडाळी करून आत खाऊ लपवला तरी काम तेच होतं. सुती दोरीचं खेळणं ओढाओढीपुरतंच हातात धरून द्यायचं. गाठीपुढचा गोंडा पिंजारून धागे मोकळे दिसू लागले की सरळ टाकून द्यायचं.

टोपली वेताची घेऊ नका. कुत्रा पहिल्यांदा तिचीच कड कुरतडतो, कुसळं हिरडीत शिरतात. उरलेली पावसाळ्यात बुरसते. प्लॅस्टिकचा टब घ्या, पुढे आंघोळीच्या सामानाला होतो. आणि प्रेमापोटी त्यात फराळाची पुडी ठेवू नका: चिवड्यातले बेदाणे किडनीवर जातात, कांदा रक्तपेशींवर.

बंडाना आणि लाडवाच्या आकाराची बिस्किटं फोटोपुरती.